तीन बाप्तिस्मे, आणि मातीला जागा नाही

थोडं मोठं लिहितोय. आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा, एवढीच विनंती.

माझी आत्या जाऊन बारा वर्षं झाली. पहाटे पाचला गेली. संध्याकाळचे पाच वाजले तरी तिला कुठं पुरायचं ते ठरत नव्हतं. मे महिना होता. बर्फाच्या लाद्या दोनदा आणाव्या लागल्या.

आत्या जन्मानं अमेरिकन मिशनच्या मंडळीतली. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) जुनी माणसं अजून अशीच ओळख सांगतात. तान्ही असताना तिचा तिथं बाप्तिस्मा झाला. १९६१ साली कॅथलिक घरात लग्न ठरलं, तेव्हा लग्नाआधी तिचा दुसऱ्यांदा बाप्तिस्मा झाला. म्हातारपणी गुडघे धरले, चर्च लांब पडायला लागलं. मग ती गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाऊ लागली. तिथल्या पास्टरनी तिला विहिरीच्या हौदात बुडवून तिसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला. आत्या हसून म्हणायची, "मला तिघांनी धुतलंय, आता डाग राहिला असेल तर देवच बघेल."

आणि ती गेली त्या दिवशी कॅथलिक कबरस्थानाच्या कमिटीतले दोघं म्हणाले, "बाईंनी आमचं चर्च सोडलं होतं." मिशनच्या कबरस्थानात माझे आजी-आजोबा, म्हणजे तिचे आई-वडील आहेत. तिथले सेक्रेटरी म्हणाले, "नाव आमच्या रजिस्टरात नाही. वर्गणीही नाही. एकाला दिली की उद्या सगळे मागतील." शेडवाल्या पास्टरांचा जीव तुटत होता, पण त्यांच्याकडे हातभर जमीन नव्हती. शेवटी शेजारचे एक शेतकरी, जातीनं मराठा, हात जोडून मला म्हणाले, "गुरुजी, आमच्या बांधाला जागा आहे. मावशींना तिथं ठेवू." ते ऐकलं आणि मिशनच्या कमिटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना रडू फुटलं. ते उठले, घरी गेले, गेटची किल्ली घेऊन आले. दिवेलागणीला माती झाली.

गावाचं आणि माणसांची नावं लिहीत नाही. कारण त्या दिवशी तिथं वाईट असं कुणीच नव्हतं. सगळे नियम पाळत होते. मला त्रास झाला तो त्याचाच. हे नियम आपल्याकडे आले कुठून, हे मी निवृत्तीनंतर वाचायला घेतलं. जे सापडलं ते इथं मांडतो.

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनरी आले ते वेगवेगळ्या बोटींतून, आणि येताना आपापल्या देशातली भांडणंही सोबत घेऊन आले. फेब्रुवारी १८१३मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. हे अमेरिकन, काँग्रिगेशनल मताचे. म्हणजे गावोगावची मंडळी आपापला कारभार बघेल, वर बिशप नको. याच मिशननं डिसेंबर १८३१मध्ये नगरला ठाणं टाकलं. १८२९मध्ये डॉ. जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज मुंबईत चौपाटीवर उभं आहे. ते स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन. त्यांच्यात कारभार वडीलमंडळींचा. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी आली. ती अँग्लिकन, बिशप मानणारी. नाशिकचं शरणपूर त्यांनी वसवलं. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, पोर्तुगीजांच्या काळात, वसईकडे कॅथलिक चर्च रुजलेलं होतंच.

बिशप असावा की नसावा हा वाद इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात पेटला. त्यात राजाचा हात होता, सरदारांचा होता, लढायाही झाल्या. गोदाकाठच्या एखाद्या महारवाड्यातल्या माणसाचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता. तो शाळेसाठी, माणूस म्हणून मिळणाऱ्या मानासाठी आणि येशूच्या ओढीनं आला. पण त्याचं नाव लिहिलं गेलं ते त्या वादातल्या एका बाजूच्या वहीत.

एक उदाहरण तर वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा करायला उठलो. १८४३मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. मुद्दा काय, तर गावातल्या चर्चचा पाळक जमीनदारानं नेमायचा की लोकांनी. शेकडो पाळक बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. याचा मुंबईत परिणाम काय झाला? विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चमध्ये गेले, आणि मिशनच्या मालमत्तेवरचा हक्क राहिला जुन्या चर्चकडे. मुंबईत तेव्हा मराठी आणि पारशी मिळून बाप्तिस्मा घेतलेली माणसं मोजकीच. जमीनदार स्कॉटलंडचा, पाळक स्कॉटलंडचा, आणि दोन मिशनं झाली मुंबईत! पुढं १९२९मध्ये तिकडे स्कॉटलंडमध्ये त्या फुटीतले बहुतेक लोक पुन्हा एक झाले. ८६ वर्षं लागली, पण मिटलं. आपण मात्र अशी उसनी घेतलेली भांडणं अजून जपून ठेवली आहेत.

आता नकाशा बघू. एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले. नगर, सोलापूर, सातारा अमेरिकन मराठी मिशनकडे. कोल्हापूर, सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन. नाशिक, औरंगाबादकडे चर्च मिशनरी सोसायटी. नागपूर आणि जालना स्कॉटिश मिशनकडे. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट. डहाणूच्या बाजूला ब्रेदरेन. व्यवस्था म्हणून वाईट नव्हती. पण तिचा अर्थ काय झाला, ते बघा. तुमचा पंथ कुठला, हे बायबल वाचून ठरलं नाही. पणजोबा कुठल्या तालुक्यात राहत होते, त्यावरून ठरलं. कोल्हापूरचा माणूस सोलापुरात जन्मला असता तर तो प्रेसबिटेरियन न होता काँग्रिगेशनल झाला असता, आणि आज तितक्याच तावातावानं दुसरी बाजू मांडत असता.

आमच्या नगरला तर ही वाटणीही टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत अँग्लिकनांची एसपीजी संस्था तिथं उतरली, आणि जेजुइट फादरही आले. एकाच गावात दोन-दोन, तीन-तीन चर्चं झाली. मिशनच्या मास्तराशी बिनसलं की जा फादरांकडे, भावकीत फाटलं की जा एसपीजीकडे, असं माझे आजोबा सांगायचे. म्हणजे परदेशातली फूट वर, आणि तिच्याखाली आपली स्वतःची भावकी आणि जातीचे पदर. दोन्ही एकमेकांत असे विणले गेले की आज कुठला धागा कुणाचा ते ओळखू येत नाही. दोष सगळा गोऱ्या साहेबावर टाकून मोकळं होता येणार नाही, तो यामुळे.

पण हे तेव्हाही सगळ्यांना मान्य होतं असं समजू नका. दोन माणसांची नावं घेतो, दोन्ही आपली.

पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटिजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, अँग्लिकन पद्धतीनं. पुढं त्यांचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचा. बाई ठणकावून सांगतात की मी ख्रिस्ताची झाले आहे, पण पाळक किंवा बिशप म्हणेल ते प्रत्येक वाक्य मानलंच पाहिजे असं बंधन मी घेतलेलं नाही. एका धर्मातल्या शास्त्री-पंडितांची सत्ता झुगारून आलेली बाई दुसऱ्या धर्मातल्या पंडितांपुढे मान कशी तुकवेल? ख्रिस्ती लोकांत इतके पंथ आणि प्रत्येक जण आपल्या मताला बायबलचाच आधार देतो, हे बघून आपण गोंधळून गेलो, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या अमेरिकेत गेल्या. १८८७मध्ये बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी संस्था निघाली, तेव्हा अध्यक्ष होते युनिटेरियन पंथाचे एडवर्ड एव्हरेट हेल, आणि सोबत एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्स. एरवी हे दोन पंथ येशू कोण होता यावरच एकमत नसलेले! पण हिंदुस्थानातल्या विधवांसाठी ते एका टेबलाशी बसले. केडगावचं मुक्ती मिशनही बाईंनी कुठल्या एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही. दुष्काळात आलेल्या मुलीला आधी भाकरी मिळाली. तिचं नाव कुठल्या चर्चच्या वहीत घालायचं, हा प्रश्न तिथं पहिला नव्हता.

दुसरे रेव्हरंड ना. वा. टिळक. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. बावीस वर्षं त्या मिशनमध्ये काढल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्ताचा शिष्य व्हायची तयारी. मंडळीतल्या पुष्कळांना हे रुचलं नाही. ९ मे १९१९ला टिळक गेले आणि दरबार काही पुढं चालला नाही. पण त्यांची गीतं चालली. आज महाराष्ट्रातलं कुठलंही मराठी प्रॉटेस्टंट चर्च घ्या, रविवारी टिळकांचं गीत असतंच. कॅथलिक नातलगांच्या लग्नात, मयतीतही मी ती ऐकली आहेत. गाताना कुणी विचारत नाही की कवी काँग्रिगेशनल होता ना.

योगायोग बघा. टिळक गेले त्याच मे महिन्यात, आठवडाभर आधी, दक्षिणेत तरंगंबाडीला बिशप अझरिया आणि इतर पाळकांची बैठक झाली. ३३ जणांनी एका पत्रकावर सह्या केल्या, त्यात बहुतेक सगळे भारतीय. आशय असा की या फुटी आम्ही निर्माण केलेल्या नाहीत, त्या आमच्यावर लादल्या गेल्या, आणि फुटलेल्या तोंडानं आम्ही या देशाला काय सांगणार? त्यातून २८ वर्षांनी, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांत, २७ सप्टेंबर १९४७ला चर्च ऑफ साउथ इंडिया उभं राहिलं. बिशप मानणारे आणि न मानणारे एका चर्चमध्ये आले. धर्मसुधारणेनंतर जगात हे पहिल्यांदा घडलं, आणि ते युरोपात नाही, आपल्या देशात घडलं.

आणि आपल्याकडे? २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. सहा चर्चं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनलांचं आधीच एक झालेलं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट. चर्चा १९२९पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षं. त्यातली एक तडजोड मला फार मोलाची वाटते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर, यावर युरोपात माणसं बुडवून मारली गेली होती. नागपुरात ठरलं की दोन्ही रीती चालतील. ज्याला जी पटते ती त्यानं घ्यावी, दुसऱ्याला खोटा म्हणू नये.

पण गोष्ट इथं संपत नाही. अमेरिकन परंपरेतलं मोठं मेथॉडिस्ट चर्च अगदी शेवटच्या घटकेला, १९७०च्या ऑगस्टमध्ये, बाहेर पडलं. जी चर्चं आत आली त्यांच्यातही काही गटांना विलीनीकरण मान्य नव्हतं, आणि प्रश्न आला जमिनी, बंगले, शाळा, दवाखान्यांचा. खटले सुरू झाले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या ब्रेदरेन मंडळीच्या प्रकरणात निकाल दिला की ते विलीनीकरण कायद्याच्या रीतीनं झालेलंच नाही, म्हणून मालमत्ताही आपोआप नव्या चर्चची होत नाही. १९७० ते २०१३. ज्यांनी नागपुरात हातात हात घातले, त्यांची नातवंडं कोर्टात समोरासमोर.

यातून काहीजण म्हणतात, बघा, एकी होतच नाही. मला वेगळं दिसतं. आपण एकी वरून केली. घटना, बिशप, ट्रस्ट, सातबारा एक केले. खाली कबरस्थानाचं गेट, लग्नाचं पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, हे जसंच्या तसं राहिलं. साध्या माणसाचा चर्चशी संबंध येतो तो जन्माला, लग्नाला आणि मातीला. तिथं दार उघडलं नाही, तर वर कितीही सह्या झाल्या तरी आत्याच्या बर्फाच्या लाद्या चुकत नाहीत.

कॅथलिक बांधवांबद्दलही बोललं पाहिजे. आत्याचं लग्न १९६१चं. त्यानंतर तीनच वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९६४ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ख्रिस्ती ऐक्यावरचा ठराव जाहीर केला. इतर चर्चमध्ये पाण्यानं आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा खरा, तो पुन्हा करायचा नाही, ही आता कॅथलिक चर्चची स्पष्ट भूमिका आहे. म्हणजे आत्याचा दुसरा बाप्तिस्मा आजच्या नियमानं झालाच नसता. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं, ते माझ्या ओळखीच्या कितीतरी प्रॉटेस्टंट घरांत आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जाऊन बघा, तिथं रांगेत कोण कुठल्या पंथाचा, कुठल्या धर्माचा, कुणी विचारत नाही. लोक कमिटीच्या कितीतरी पुढं आहेत.

आणि शेडमधली सभा? जुन्या चर्चमधले आपण तिच्यावर फार सहज बोट ठेवतो. मीही ठेवत होतो. पण शेवटच्या दोन वर्षांत आत्याच्या घरी रोज कोण येत होतं? त्या सभेतल्या बाया. तिला अंघोळ घालायला, औषध द्यायला, तिच्याशी बोलायला. आम्ही दोन्ही जुन्या चर्चचे लोक नाताळचा फराळ घेऊन वर्षातून एकदा जायचो. फक्त एक गोष्ट त्या पास्टर मंडळींना नम्रपणे सांगतो. आधीचा बाप्तिस्मा खोटा ठरवून नवा देणं, हीसुद्धा भिंतच आहे. आम्ही तुमच्यासाठी गेट बंद करतो, तसं तुम्हीही आमच्यासाठी करताच.

मतभेद नाहीत असं मी म्हणत नाही. पोपचं स्थान, प्रभुभोजनात नक्की काय घडतं, मारियेची भक्ती, या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांवर प्रामाणिक माणसं वेगळा विचार करतात. सगळ्यांनी एकाच छपराखाली यावं, हा माझा आग्रह नाही. दिवस वाईट आहेत म्हणून एक व्हा, हे भाषणही मला पटत नाही. भीतीनं जमलेली गर्दी भीती गेली की पांगते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण सुमारे १० लाख ८० हजार, शंभरात एकसुद्धा नाही. जनगणनेच्या तक्त्यात आपला रकाना एक. १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदाही सगळ्यांना एकच. सरकारला आपण एक दिसतो, शेजारच्या शेतकऱ्याला एक दिसतो. वेगळे दिसतो ते फक्त आपल्याच रजिस्टरांना.

म्हणून मोठं काही मागत नाही. आपापल्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत तीन विषय ठेवा.

एक. बाप्तिस्मा झालेल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाच्या मातीला जागा नाकारायची नाही. वर्गणीचा हिशेब नंतर घरच्यांशी करा, मयतासमोर नको. मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत वेगवेगळ्या पंथांची माणसं शेजारी-शेजारी आहेत. तिथं जमतं, तर तालुक्याला का नाही?

दोन. एकमेकांचा बाप्तिस्म्याचा दाखला मान्य करायचा. पुन्हा पाण्यात उतरवायचं नाही.

तीन. दोन पंथांतल्या मुला-मुलीचं लग्न ठरलं, तर दोन्हीकडच्या पाळकांनी एकदा एकत्र बसून त्या घरांशी बोलायचं. मुलीनं 'तिकडची' व्हायची अट आधी घालायची नाही.

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. बहुतेक ठिकाणी एक संयुक्त उपासना होते, फोटो निघतात, चहा-बिस्किट होतं. यंदा त्यातला एक दिवस गावातल्या सगळ्या ख्रिस्ती कबरस्थानांत जाऊन सगळ्यांनी मिळून गवत काढायला घालवू. करिंथच्या मंडळीतही कुणी पौलाचं नाव लावत होतं, कुणी अपुल्लोसचं, कुणी केफाचं. पौल त्यांच्यावर रागावला होता. योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय आपण सगळेच वाचतो. प्रभूनं शेवटच्या रात्री आपल्यासाठी काय मागितलं, ते कुणाला सांगायला नको.

आत्याच्या कबरेवर आम्ही नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख घातली आहे. पंथ लिहिलेला नाही. किल्ली आणणारे ते गृहस्थ मागच्या वर्षी गेले, आणि त्यांना तिच्या पलीकडच्याच रांगेत जागा मिळाली. त्यांच्या मातीला तिन्हीकडचे लोक आले होते.

तुमच्या गावात काय रीत आहे, खाली लिहा. नावं घेऊ नका, कुणाचा अपमान नको. पण जे घडतंय ते लिहा.